जामठ्यातला रोजा: मुस्लिम खेळाडूने हंगाम आणि इबादत एकत्र कशी बसवावी

२ मार्च २०२५. नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर विदर्भ-केरळ रणजी अंतिम सामन्याचा पाचवा दिवस होता आणि त्याच दिवशी भारतात पहिला रोजा. सामना अनिर्णित राहिला, पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक घेतला. त्या दिवशी कोणी रोजा धरला आणि कोणी नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण शरीयतच्या हिशेबात एक गंमत होती. केरळहून आलेला मुस्लिम खेळाडू मुसाफिर, त्याला रोजा पुढे ढकलायची सवलत. नागपुरातल्या मोमिनपुऱ्यातून जामठ्याला येणारा मात्र घरचा माणूस, त्याला ती सवलत नाही. घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात तो इथे नेमका उलटा फिरतो.

श्रद्धा आणि खेळ यांची ओढाताण होते म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा वेळापत्रक आधी बसवलेलं नसतं आणि कोणाशी वेळेवर बोललेलं नसतं, एवढंच असतं. पुढे लिहिलंय ते त्यासाठी: खेळाडूंसाठी, त्यांच्या आई-वडिलांसाठी आणि रोजा म्हणजे काय हे नीटसं ठाऊक नसलेल्या प्रशिक्षकांसाठी. मसल्यांचा, म्हणजे धर्मनियमांच्या प्रश्नांचा, उल्लेख येईल तो हनफी या सुन्नी विचारपरंपरेच्या मताप्रमाणे, कारण नागपुरातले बहुसंख्य सुन्नी तेच मानतात. शाफई, शिया, बोहरा यांच्याकडे काही बाबी वेगळ्या आहेत. शेवटचा शब्द तुमच्या आलिमांचा, म्हणजे धर्मपंडितांचा.

पहिलं काम: दोन कॅलेंडरं शेजारी ठेवा

चांद्र वर्ष दरवर्षी १०-११ दिवस मागे सरकतं. २०१८ आणि २०१९ मध्ये रमजान मे-जूनमध्ये होता. नागपुरात पारा ४५ च्या वर, रोजा जवळपास १५ तासांचा. आता तो हिवाळ्याच्या टोकाला आलाय. २०२७ मध्ये फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस. २०३० मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या शेवटी पुन्हा एकदा रमजान सुरू होईल.

उन्हाच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे, हंगामाच्या दृष्टीने नाही. रणजीचे बाद फेरीचे सामने, शालेय आणि विद्यापीठ स्पर्धा, शिवाय दहावी-बारावीच्या परीक्षा, सगळं याच महिन्यांत. म्हणून ऑगस्टमध्येच एका कागदावर पुढच्या मार्चपर्यंतचे सामने, निवड चाचण्या आणि शिबिरं लिहा. त्यावर रमजान, त्याचे शेवटचे १० दिवस आणि ईद यांची खूण करा. चंद्रदर्शनामुळे एक दिवस इकडे-तिकडे होईल, तेवढी जागा सोडा. कोणत्या आठवड्यात अडचण आहे हे सहा महिने आधी दिसलं की निम्मं काम झालं.

दुसरं: मौलानांशी बोला, पण नेमके प्रश्न घेऊन जा

‘खेळताना रोजा सोडला तर चालतो का?’ असं मोघम विचारलं की उत्तरही मोघम मिळतं. कागद दाखवून विचारा: ‘अमुक तारखेला अमरावतीला सामना आहे, आदल्या रात्री निघणार, तिसऱ्या दिवशी परत.’

कुरआनात सूरा बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतीत आजारी आणि मुसाफिर यांना रोजे नंतर पूर्ण करायची मुभा आहे. हनफी मतात सफरचं अंतर साधारण ७७-७८ किलोमीटर धरतात आणि एका ठिकाणी १५ दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर माणूस मुसाफिरच राहतो. नागपूरच्या हिशेबात भंडारा आणि कामठी यात बसत नाहीत. अमरावती, चंद्रपूर, गोंदिया बसतात. वर्धा अगदी सीमेवर आहे, तिथे अंदाज बांधू नका, विचारून घ्या.

एक बारकावा पोरांच्या हमखास लक्षात येत नाही. पहाटे रोजा सुरू होताना तुम्ही घरीच असाल आणि सकाळी आठच्या बसने निघाला, तर हनफी मतात त्या दिवसाचा रोजा तुमच्यावर आहेच. सवलत हवी असेल तर सहरीची (रोज्याआधीच्या पहाटेच्या खाण्याची) वेळ संपण्याआधी गावाची हद्द ओलांडलेली हवी. म्हणजे संघाची बस रात्री निघते की सकाळी, हा व्यवस्थापकाचाच नाही, तुमच्या रोज्याचाही प्रश्न आहे.

घरच्या गावातला सामना ही खरी अवघड जागा. बहुतेक उलेमांच्या मते निव्वळ खेळ ही रोजा न धरण्याची सबब होत नाही. मात्र पोट ज्याच्यावर चालतं अशा व्यावसायिक खेळाडूबद्दल वेगळं मतही आहे. २०१० मध्ये जर्मनीतल्या मुस्लिमांच्या केंद्रीय परिषदेने कैरोच्या अल-अजहर विद्यापीठाचं मत घेऊन करारबद्ध फुटबॉलपटूंना रोजा नंतर पूर्ण करायची मुभा मान्य केली होती. हे मत सगळ्यांना पटलेलं नाही. तुम्ही कोणत्या बाजूचे, ते सामन्याच्या सकाळी ठरवायची गोष्ट नव्हे. शिवाय कारण नसताना जाणूनबुजून धरलेला रोजा मोडला तर हनफी मतात कफ्फारा लागतो, म्हणजे सलग ६० रोजे. ‘धरून बघू, नाही झालं तर पाणी पिऊ’ हा बेत म्हणूनच चुकीचा.

दोन्ही वाटांनी मोठे खेळाडू गेले आहेत. हाशिम अमलाने जुलै २०१२ मध्ये ओव्हलवर इंग्लंडविरुद्ध नाबाद ३११ केल्या तेव्हा रमजान सुरू झाला होता. तो प्रवासात असल्याने रोजे नंतर पूर्ण करणार होता. हकीम ओलाजुवान फेब्रुवारी १९९५ मध्ये रोजे धरून बास्केटबॉल खेळला आणि त्या महिन्याचा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एकाचं नाव घेऊन दुसऱ्या वाटेच्या पोराला कमी लेखू नका.

तिसरं: प्रशिक्षकाला काय सांगायचं

कमी आणि स्पष्ट. ‘सर, या तारखेपासून महिनाभर माझे रोजे आहेत. सराव चुकवणार नाही. ताकदीचं काम संध्याकाळनंतर मिळालं तर बरं. शुक्रवारी दुपारी एक ते सव्वादोन मला सोडा.’ एवढं पुरतं. जुम्याच्या जमातची (शुक्रवारच्या सामूहिक नमाजेची) वेळ प्रत्येक मशिदीत वेगळी असते, मैदानाजवळची आणि तुमच्या सरावाला जुळणारी मशीद शोधून ठेवा. मानकापूरच्या क्रीडा संकुलात सराव करणाऱ्याला मोमिनपुऱ्यापर्यंत यायची गरज पडू नये.

प्रशिक्षकांसाठीही एक गोष्ट. रोज्यातल्या पोराला ‘थोडं पाणी पी, कोणी बघत नाही’ असं प्रेमाने म्हणू नका. तुम्हाला ती काळजी वाटते, त्याला तो अपमान वाटतो. आणि आठ-नऊ वर्षांचं पोर रोजा-कुशाईच्या (पहिल्या रोज्याच्या सोहळ्याच्या) कौतुकात पहिला रोजा धरून मैदानावर आलं, तर त्याला त्या दिवशी धावफलकापाशी बसवा.

चौथं: सामन्याच्या दिवशी नमाज कुठे बसते

फेब्रुवारीच्या अखेरचा नागपूरचा दिवस घेऊ. खेळ साडेनऊला सुरू, ११.३० ते १२.१० जेवण, २.१० ते २.३० चहापान, ४.३० ला खेळ संपतो. आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो १२.२७ च्या सुमारास. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत जोहरची (दुपारच्या नमाजेची) वेळ लागलेलीच नसते, आणि नेमकी तीच सुट्टी लांब म्हणून पोरं तिच्या भरवशावर राहतात. जोहर चहापानात पढायची. २० मिनिटं आहेत, चार फर्जना (अनिवार्य रकातींना, म्हणजे नमाजेच्या आवर्तनांना) पाच-सहा पुरतात, पण वजूची (नमाजेआधी हात-पाय-तोंड धुण्याची) रांग आणि पॅड काढण्यात वेळ जातो. उपाय सोपा आहे: वजू जेवणाच्या सुट्टीतच करून ठेवा. असरची (दुपार कलल्यावरच्या नमाजेची) वेळ हनफी हिशेबाने पावणेपाचच्या जवळ सुरू होते, तोवर खेळ संपलेला असतो. मगरिब (सूर्यास्तानंतरची नमाज) सव्वासहानंतर, ती हॉटेलात किंवा घरी.

बोटांना टेप लावणाऱ्या यष्टिरक्षकांसाठी: वजूचं पाणी कातडीपर्यंत पोचायला हवं. जखम असेल तर पट्टीवरून ओला हात फिरवलेला चालतो, पण नुसत्या आधारासाठी लावलेल्या टेपला ती सवलत धरू नका. आधी वजू, मग टेप.

किबल्याची, म्हणजे नमाजेला तोंड करायच्या मक्केची, दिशा नागपूरहून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेली, सात-आठ अंशांनी. खेळपट्टी बहुधा उत्तर-दक्षिण असते, त्यामुळे मोबाइल लॉकरमध्ये जमा असला तरी दिशा चुकण्याचं कारण नाही.

फुटबॉलचं मध्यंतर १५ मिनिटांचं, त्यात प्रशिक्षकाचं बोलणंही ऐकायचं असतं. इथले दिवसाचे सामने सूर्यास्ताआधी संपतात, म्हणून असर आधी किंवा लगेच नंतर पढता येते. प्रश्न येतो तो प्रकाशझोतातल्या सामन्यांत, इफ्तारची वेळ खेळ चालू असताना आली तर. एप्रिल २०२१ मध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस या इंग्लिश क्लबांनी आधी ठरवून एका गोलकिकच्या वेळी खेळ क्षणभर थांबवला, लेस्टरच्या वेस्ली फोफानाने रेषेजवळ येऊन रोजा सोडला आणि खेळ पुढे सुरू झाला. असं आपल्या स्थानिक स्पर्धेतही होऊ शकतं, पण पंच आणि समोरच्या कर्णधाराशी नाणेफेकीआधी बोललं तरच.

बाहेरगावी मुसाफिर असाल तर चार रकात फर्जचे दोन होतात. फजरचे (पहाटेच्या नमाजेचे) दोन आणि मगरिबचे तीन तसेच राहतात. बॅगेत पातळ जानमाज (नमाजेची चटई), आखूड चड्डीवर घालायला लुंगी किंवा ट्रॅकपँट आणि खजुराचा छोटा डबा एवढं कायम असू द्या.

पाचवं: रमजानचा दिवस

तयारी शाबानमध्ये, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात, सुरू होते. दिवसाला पाच-सहा चहा पिणारे आपले लोक पहिल्या रोज्याला डोकं धरून बसतात. तो बऱ्याच अंशी चहा तुटल्याचा त्रास असतो. दोन आठवडे आधीपासून रोज थोडा चहा कमी करा आणि शाबानमध्ये एक-दोन नफ्ल (ऐच्छिक) रोजे सरावाच्या दिवशी धरून अंगाचा अंदाज घ्या.

फेब्रुवारीच्या अखेरीस सहरी साडेपाचच्या जरा आधी बंद होते आणि इफ्तार ६.१८ च्या आसपास. सुमारे १३ तास. यात सराव बसवायच्या तीन जागा आहेत. फजरनंतरची जागा मला फारशी पटत नाही. अंग ताजं असतं, पण तेव्हा गेलेला घाम दिवसभर भरून निघत नाही. संध्याकाळी पाच ते सहा ही कौशल्याच्या सरावाची वेळ: नेट, पासिंग, फेकी, हलकं धावणं. संपलं की समोर पाणी. ताकद, स्प्रिंट, वजनं हे सगळं इफ्तारनंतर. आठवड्यातून दोनदा पुरे, तरावीहनंतर (रमजानमधल्या रात्रीच्या खास नमाजेनंतर) दहाच्या सुमारास, दिवे असलेल्या टर्फवर किंवा जिममध्ये. रोज रात्री करू गेलात तर झोप मारली जाते, आणि रमजानमध्ये खेळ घसरतो तो भुकेपेक्षा झोपेमुळे जास्त. रात्री साडेचार तास आणि दुपारी जोहरनंतर अर्धा-पाऊण तास अशी दोन तुकड्यांत का होईना, झोप मोजून घ्या. मोमिनपुऱ्याच्या रात्री सुंदर असतात. सगळ्याच जागवायच्या नसतात.

सहरीला ज्वारीची भाकरी किंवा मुगाची खिचडी, दोन-तीन अंडी, दही, केळं. लोणचं-पापड नको, दुपारी घसा कोरडा पडतो. पाणी शेवटच्या पाच मिनिटांत ढकलू नका, ते लघवीवाटे निघून जातं. पाऊण तासात थोडं थोडं करून अर्धा-पाऊण लिटर प्या.

इफ्तारला खजूर, पाणी, एखादं फळ, मग मगरिब. जेवण त्यानंतर. समोसे, भजी आणि लाल सरबताचे तीन ग्लास पोटात गेले की रात्रीचा सराव गेलाच म्हणून समजा. हलीम-निहारी सरावाच्या रात्री नको, सुट्टीच्या रात्री खा. सावजी रस्सा ईदनंतर.

पाण्याचा हिशेब वजनकाट्यावर करा. सरावाआधी आणि नंतर वजन घ्या. जितके किलो कमी झाले त्याच्या दीडपट लिटर पाणी रात्रभरात परत जायला हवं. ८०० ग्रॅम घटलं तर सव्वा लिटर, रोजच्या पाण्याव्यतिरिक्त. फार घाम गेला असेल तर एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट.

आणि हे पाठ करा: घाम यायचा थांबला, चक्कर आली, उलटी झाली, बोलणं अडखळायला लागलं, तर सराव आणि रोजा दोन्ही तिथेच थांबवा. जीव धोक्यात असताना रोजा सोडायची मुभा आहे, त्याची फक्त कजा करायची, म्हणजे तो नंतर भरून काढायचा. मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांचं मत मौलानांना आधीच दाखवावं. कुस्ती-बॉक्सिंगवाल्यांनी रमजानमध्ये वजन उतरवायच्या भानगडीत पडूच नये. पाणी तोडून वजन गाठणं एरवीही धोक्याचं, रोज्यात तर जास्तच. वरच्या वजनगटात खेळा.

सहावं: गोळ्या, पावडरी आणि नाडाचे लोक

प्रोटीन आणि जीवनसत्त्वांच्या कॅप्सूलचं आवरण अनेकदा जिलेटिनचं असतं, आणि ते कोणत्या जनावराचं हे डब्यावर लिहिलेलं नसतं. घटकांची यादी वाचा. शाकाहारी कॅप्सूल किंवा हिरवा ठिपका असलेली पावडर घेतली की हा प्रश्न मिटतो. शिबिराच्या मेसमध्ये मटण हलाल आहे की नाही याची खात्री नसेल, तर वाद न घालता अंडी, पनीर, डाळ, मासे यांवर महिना सहज निघतो. मात्र हलाल असणं आणि उत्तेजकमुक्त असणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. हकीम साहेबांचं माजून असो की जिममधल्या भावाने दिलेली पुडी, त्यात काय आहे ते कळल्याशिवाय तोंडात टाकू नका. नमुन्यात सापडलं तर जबाबदारी खेळाडूची, देणाऱ्याची नाही.

नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या) नोंदणीकृत चाचणी गटात असाल तर रोज पहाटे ५ ते रात्री ११ या दरम्यानचा एक तास आणि ठिकाण कळवावं लागतं. १२ महिन्यांत तीनदा चुकलं की नियमभंग. रमजानमध्ये दिनक्रम बदलतो आणि तो तास बदलायचा राहून जातो. नोंद जुनी आणि तुम्ही मशिदीत, असं नको. पहिला रोजा लागण्याआधी ती सुधारा. सहरीनंतरचा, घरी असण्याचा तास सगळ्यांत सोयीचा.

रोज्यात नमुना मागितला तर तो द्यावाच लागतो. पाणी पिता येत नाही म्हणून वेळ लागेल हे अधिकाऱ्याला सांगा आणि त्याच्या नजरेसमोर थांबा. इफ्तार झाल्यावर घटाघट दोन लिटर पिऊ नका. लघवी फार पातळ झाली तर पुन्हा नमुना द्यावा लागतो आणि तरावीह जाते. नमुना देताना समोर असणारी व्यक्ती खेळाडूच्याच लिंगाची असते. मुलींच्या आयांना हे आधी सांगितलं की अर्धी धास्ती कमी होते.

सातवं: कपडे

फुटबॉलमध्ये २०१४ पासून डोकं झाकायला परवानगी आहे. कापड काळं किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचं, एका संघात सगळ्यांचं सारखं, जर्सीला न जोडलेलं आणि टाचणी नसलेलं हवं. बास्केटबॉलमध्ये हाच बदल ऑक्टोबर २०१७ पासून आला. २०२३ च्या महिला फुटबॉल विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेंझिना हिजाब घालून खेळली, त्या पातळीवरची पहिलीच. त्यामुळे जिल्हा स्पर्धेत एखाद्या पंचाने अडवलं तर भांडू नका, नियमाची छापील प्रत दाखवा. ती प्रत व्यवस्थापकाच्या फाइलमध्ये आधीपासून असावी. नागपूरच्या उन्हात जाड कापड घात करतं. पातळ, घाम शोषणारा, डोक्यातून घालायचा खेळाचा हिजाब घ्या आणि एक जास्तीचा बॅगेत ठेवा. भिजलेला मानेला घासतो.

आठवं: करार, जल्लोष आणि लोकांची तोंडं

दारूचा किंवा सट्ट्याचा लोगो नको असेल तर ते सही करण्याआधी सांगा. अमलाच्या शर्टावर दक्षिण आफ्रिकेच्या बिअर पुरस्कर्त्याचा लोगो नसायचा, मंडळाने ते मान्य केलं होतं. आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आल्याने हा पेच थोडा सुटलाय, पण स्थानिक लीगमध्ये पुरस्कर्ता शेवटच्या आठवड्यात बदलतो. म्हणून कराराच्या कागदावर एक ओळ लिहून घ्या.

जिंकल्यावर शॅम्पेन उडायला लागली की बाजूला व्हायचं, जसं २०१९ च्या विश्वचषकानंतर मोईन अली आणि आदिल रशीद झाले. जानेवारी २०२२ मध्ये होबार्टला पॅट कमिन्सने उस्मान ख्वाजाला बोलावता यावं म्हणून बाटल्या आधी खाली ठेवायला लावल्या. कर्णधार असाल तर हे दहा सेकंदांचं काम आहे.

लोक बोलतातच. ४ मार्च २०२५ ला दुबईत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मोहम्मद शमी पेय पिताना दिसला आणि एका मौलानांनी त्याला जाहीरपणे गुन्हेगार ठरवलं. इतर उलेमांनी लगेच सांगितलं की तो प्रवासात आहे, त्याला मुभा आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर समाजमाध्यमांवर खुलासे लिहीत बसू नका. तुमचा हिशेब तुम्ही आणि तुमचे आलिम जाणता. त्या रात्री मोबाइल घरच्या कोणाच्या तरी हातात द्या.

राहिलेले रोजे

सुटलेल्या रोज्यांची यादी लगेच लिहा: तारीख, कारण. मुलींनी पाळीच्या दिवसांचे रोजेही त्यातच धरावेत. हे रोजे सलग धरायची अट नाही, पण पुढच्या रमजानच्या तोंडावर आठ-दहा एकदम उरले की निवड चाचणीच्या आठवड्यात भरावे लागतात. ईदच्या दिवशी रोजा नसतो. त्यानंतरचा आठवडा बहुतेक संघांत हलका असतो, तिथे दोन-तीन बसतात. नागपूरचा मे टाळा. पावसाळ्यात मैदान भिजलेलं आणि सराव बंद असतो, ते दिवस यासाठी चांगले, रोजा जरा लांब असला तरी. उरलेले डिसेंबरमध्ये, बारा तासांच्या आसपासच्या दिवसांत, सामना नसेल अशा सोमवारी-गुरुवारी एकेक करून धरा आणि यादीतली ओळ खोडत जा.